नॉर्टन कमांडो ८५०: अकरा महिने आणि दहा थाऊची फट

फेब्रुवारीत ही जुनी ब्रिटिश मोटरसायकल मी विकायला काढली होती. आता विकत नाही.

माझी १९७४ची रोडस्टर, ८२८ सीसी. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. आठवड्यात सवय होते, त्यावर जास्त लिहीत नाही. लिहायचंय ते आयसोलॅस्टिकबद्दल, म्हणजे इंजिन रबरावर बसवण्याच्या पद्धतीबद्दल.

या इंजिनाचं मूळ बर्ट हॉपवूड यांच्या ४९७ सीसीच्या डॉमिनेटर या जुन्या नॉर्टनमध्ये आहे. दोन्ही पिस्टन एकत्र वर, एकत्र खाली. तेच वाढवत ७४५ सीसीपर्यंत नेलं तेव्हा त्या ॲटलस मॉडेलची थरथर सोसेना. मग १९६७ मध्ये स्टेफान बाउअर, बर्नार्ड हूपर आणि बॉब ट्रिग यांनी इंजिन, गिअरबॉक्स, स्विंगआर्म एकत्र बांधून ते सगळं कमांडोच्या फ्रेममध्ये रबरावर बसवलं. थरथर रबर गिळतं. मागचं चाक बाजूला डुलू नये म्हणून या रबरी आधारांच्या, म्हणजे माउंटच्या कडेला दहा थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे पाव मिलिमीटर फट ठेवायची. जास्त झाली तर गाडी डोलते, कमी झाली तर थरथर फ्रेममध्ये जाते. सगळी गाडी त्या फटीवर!

सप्टेंबरात माझी गाडी वळणावर डोलायला लागली. इथल्या एका गॅरेजवाल्याने "ढिली झालीय" म्हणून आवळून दिली आणि १८० पौंड घेतले. डोलणं थांबलं, पण अर्ध्या तासात बोटं बधिर व्हायची, आरशात मागचं काही दिसायचं नाही. परत गेलो तर म्हणाला, जुनी ब्रिटिश ट्विन (दोन सिलिंडरची गाडी) थरथरणारच. मी पाच महिने ते खरं मानलं, याचा मला अजून राग येतो. मोटर सायकल न्यूज या ब्रिटिश साप्ताहिकाच्या वाचकांनी कमांडोला १९६८ ते १९७२ सलग पाच वर्षं वर्षाची सर्वोत्तम गाडी ठरवलं होतं. हात बधिर करणाऱ्या गाडीला कोण निवडेल?

शेवटी स्वतः फट मोजायची पट्टी, फीलर गेज, घातला. पुढे फट शून्य, मागे तीन थाऊ. म्हणजे त्याचं ढिलेपणाचं निदान बरोबर होतं, शिम (फट भरायच्या पातळ चकत्या) मात्र जास्त भरल्या होत्या. मार्क थ्री या नंतरच्या कमांडोसारखे आट्यांवर फिरवून फट लावायचे माउंट मिळतात, पण महाग. मी एक रविवार घालवून पुढचा माउंट उतरवला आणि शिम बदलल्या, दुसऱ्या रविवारी मागचा. खर्च पेट्रोलच्या एका टाकीपेक्षा कमी.

आयडलिंगला इंजिन अजूनही नाचतं, पुढचं चाकसुद्धा हलतं. पण तीन हजार आरपीएमच्या वर थरथर नाहीशी होते, उरतो फक्त आवाज. वुल्वरहॅम्प्टनहून, जिथे हे इंजिन बनलं तिथूनच, ब्रिजनॉर्थपर्यंत गेलो आणि उगीच आणखी पुढे जाऊन आलो.

नऊशे मैलांनंतर काल परत मोजलं. पुढे दहा, मागे अकरा.