सामान्यज्ञानाच्या कार्डांची पेटी: घ्या, पण लीलावतीचं कार्ड बदला

जूनमध्ये चाळीसगावात ही पाचशे कार्डांची पेटी ३५० रुपयांना घेतली. एका बाजूला विधान, मागे 'खरं' की 'खोटं' आणि दोन-तीन ओळींचा खुलासा. मी सातवीला गणित शिकवते. शनिवारच्या शेवटच्या तासाला आणि घरी जेवणं झाल्यावर तीन महिने पेटी वापरली, म्हणून लिहितेय.

नागपंचमीचं कार्ड फार चांगलं आहे. 'नाग दूध पितो': खोटं. साप शिकार करून खाणारा, दूध त्याचं अन्नच नाही. गारुडी त्याला तहानलेला ठेवतो, मग तो समोर येईल त्याला तोंड लावतो. सासूबाईंनी हातातली भाकरी तशीच ठेवली. "मंग इतला वरीस दूध कोनले दिधं वं?" पुढे तासभर धामणीचा विषय. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. कार्ड म्हणतं, ओढून प्यायला सापाला आपल्यासारखे ओठच नसतात, आणि आत वळलेले दात आचळाला लागले तर गाय उभी कशी राहील? धामण बिनविषारी, उंदीर खाणारी. पोळ्याच्या आधी कपाशीत धामण निघाली तेव्हा दिरांनी काठी उचलली नाही. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

कागद मात्र पातळ आहे. मुलं कार्ड ट्यूबलाइटसमोर धरून मागचं उत्तर वाचतात. पेटीचे कोपरे पंधरा दिवसांत उसवले.

आणि चुका आहेत. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे 'खरं' म्हणून छापलंय. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरहून लांब, आणि भिंत कितीही लांबलचक असली तरी रुंदीला काही मीटरच. चीनचे पहिले अंतराळवीर यांग लीवेई २००३ मध्ये पृथ्वीभोवती फिरून आले, त्यांनाही ती दिसली नव्हती.

पण मला खरा राग आला तो लीलावतीच्या कार्डाचा. भास्कराचार्यांच्या मुलीचा मुहूर्त घटिकापात्रात (वेळ मोजायच्या पाण्यावरच्या भांड्यात) मोती पडून चुकला, तिचं लग्न राहिलं, म्हणून त्यांनी तिच्यासाठी ग्रंथ लिहिला: 'खरं'. 'लीलावती' हा त्यांचा गणिताचा ग्रंथ ११५० च्या सुमाराचा. ही गोष्ट येते अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात, म्हणजे चारशेहून जास्त वर्षांनी. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथात मोतीही नाही, मोडलेलं लग्नही नाही. चाळीसगावच्या पोरांना तरी हे नीट कळायला हवं. पाटणचा शिलालेख आमच्याच तालुक्यातला. आचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला, तो मजकूर तिथे दगडावर कोरलाय. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. पेटीत पाटणवर एकही कार्ड नाही.

वर्गात ते कार्ड वाचलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग तिचं लग्न झालंच नाही?" मी म्हटलं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. लिहून ठेवलंय ते हे: "अये बाले लीलावति", बुद्धिमान आहेस तर दोन, पाच, बत्तीस, एकशे त्र्याण्णव, अठरा, दहा आणि शंभर यांची बेरीज सांग. आणि ती दहा हजारांतून वजा करून दाखव. तिने फळ्यावर येऊन ३६० लिहिलं, मग ९६४०. वर्गात कुणी हललं नाही.

आठवी-नववीपर्यंतच्या मुलांसाठी पेटी जरूर घ्या, फक्त मोठ्या माणसाने आधी कार्डं चाळावीत. प्रकाशकांना मी दोन्ही चुका पत्राने कळवल्या आहेत. तोवर लीलावतीच्या कार्डावर पांढरा कागद चिकटवून मी ती बेरीज लिहिली आहे. मुलं आता तेच कार्ड आधी मागतात.