सर्किट बोर्डचे मास्किंग: टेप, लिक्विड मास्क आणि सिलिकॉनच्या टोप्या, खाऱ्या हवेतील वापरानंतर

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ माझे दुरुस्तीचे दुकान आहे आणि नौकांवरील फिश फाइंडर, जीपीएस, वायरलेस संच व बॅटरी चार्जर यांचे बोर्ड प्रामुख्याने माझ्याकडे येतात. दुरुस्त केलेला बोर्ड अ‍ॅक्रिलिक कोटिंग, म्हणजे ओलावा अडवणारा पातळ संरक्षक थर, दिल्याशिवाय मी परत देत नाही, कारण हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील बाष्प ओढून घेऊन विरघळते, आणि बोर्डवर बसलेली खारी धूळ वीजवाहक होते. आपल्या किनाऱ्यावर पावसाळाभर याहून वेगळी स्थिती क्वचितच असते. मात्र हेच कोटिंग कनेक्टरच्या पिनांवर, उघड्या रिलेत, प्रीसेटमध्ये (स्क्रूने फिरवून जुळवायच्या छोट्या रोधकात), फ्यूज होल्डरमध्ये किंवा अर्थिंगच्या स्क्रूखालील तांब्यावर गेले, तर चालता बोर्ड बंद पडतो. म्हणूनच प्रत्यक्ष फवारणीपेक्षा आधीच्या झाकाझाकीलाच, म्हणजे मास्किंगलाच, अधिक वेळ लागतो. गेल्या पावसाळ्यापासून त्यासाठी तीन प्रकारचे सामान मी नियमित वापरत आहे.

पॉलिइमाइड टेपविषयी (उष्णता सोसणारी पातळ प्लास्टिकची चिकटपट्टी) फारसे सांगण्यासारखे नाही. सपाट जागा, कडेचे संपर्कपट्टे आणि हीटसिंकची बसणारी बाजू यांसाठी ती उत्तम आहे. नखाने कड नीट दाबून बसवली, तर खालून द्रव शिरत नाही. ती झटक्यात ओढू नये, कारण त्या घर्षणातून तयार होणारा स्थिर विद्युतभार नाजूक आयसी मारू शकतो. पावसात हा धोका कमी असतो, पण थंडीत सकाळी जमिनीवरून कोरडा वारा सुटतो तेव्हा मनगटाचा अर्थिंग पट्टा बांधूनच मी टेप काढतो. स्वस्त टेपचा गोंद मागे राहतो, एवढीच तक्रार.

खरा प्रश्न लिक्विड मास्कचा आहे. हा रबरासारखा दाट द्रव सुईच्या टोकाच्या बाटलीतून कनेक्टरभोवती सोडायचा, सुकू द्यायचा, कोटिंग झाल्यावर सोलून काढायचा. वाकड्यातिकड्या भागांसाठी याला पर्याय नाही. परंतु नैसर्गिक लॅटेक्सच्या कित्येक मास्कमध्ये ते टिकावे म्हणून अमोनिया घातलेला असतो, आणि अमोनिया तांब्याचा वैरी आहे. मी प्रथम घेतलेल्या स्वस्त बाटलीचे झाकण उघडताच नाकाला झोंबणारा वास येई. त्या मास्कखालचे उघडे तांबे सोलल्यावर काळपट दिसू लागले, तेव्हा ती बाटली बाजूला ठेवली. अमोनियाविरहित मास्क महाग पडतो, पण कळंक चढू नये म्हणून कोटिंग करायचे आणि कळंकाला आमंत्रण मास्कनेच द्यायचे, यात काय अर्थ आहे?

दुसरी अडचण सुकण्याची. जून-जुलैत मासेमारीबंदीमुळे नौका किनाऱ्याला लागतात आणि सगळे संच एकदम दुरुस्तीला येतात. म्हणजे कामाची गर्दी नेमकी सर्वांत दमट दिवसांत. बाटलीवर लिहिलेला सुकण्याचा वेळ तेव्हा उपयोगाचा नसतो. जाड गोळा सोडला, तर वर दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा धरतो आणि आत द्रव ओलाच राहतो. सोलताना तो तुटून पिनांच्या मधे अडकतो आणि चिमट्याने कण कण वेचावे लागतात. यावर दोन पातळ थर आणि बल्ब लावून कोमट ठेवलेली लाकडी पेटी हा उपाय मला पुरला. त्याच पेटीत बोर्ड आधी गरम करून घेतला, तर कोटिंगही दमट हवेत पांढुरके पडत नाही.

सोलण्याची वेळ साधणे हेच यातले कसब आहे. कोटिंग बोटाला चिकटेनासे झाले, पण पुरते कडक झाले नाही, अशा वेळी मास्कची कड उचलून हळूहळू मागे दुमडत ओढली की संपूर्ण टोपण अखंड निघते आणि आत पिना नव्यासारख्या चमकतात. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबले, तर कोटिंगची कड मास्कसोबत उचकटते. ही उचकटलेली कड आयपीसी या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या मानक संस्थेच्या ए-६१० मानकातील कोटिंगच्या ०.०३ ते ०.१३ मिलिमीटर जाडीचे गणित निरर्थक करते, कारण खारा ओलावा तिथूनच खाली शिरतो आणि गंज वरून धडधाकट दिसणाऱ्या थराखाली पसरत जातो. म्हणून उशीर झालाच, तर आधी धारदार पात्याने कडेवर हलकी रेघ मारावी. बहुतेक कोटिंगमध्ये अतिनील प्रकाशात चमकणारे द्रव्य असते. दिव्याखाली निळसर चमक जिथे सरळ रेषेत थांबते तिथे काम ठीक, जिथे तुटक दिसते तिथे ब्रशने पुन्हा हात फिरवावा.

मादी कनेक्टरमध्ये (ज्याच्या छिद्रांत पिना शिरतात) मात्र लिक्विड मास्क कधीही सोडू नये. आत गेलेला भाग निघत नाही. तिथे सिलिकॉनच्या टोप्या व बुचे कामी येतात. त्या धुऊन पुन्हा वापरता येतात, पण मापे ठरावीक असतात आणि स्वस्त टोप्यांतून सुटलेला सिलिकॉनचा अंश लागल्यास अ‍ॅक्रिलिक त्या जागी पसरत नाही, गोल डाग सोडून बाजूला सरकते. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) टोप्या आधी पुसून घेतल्यावर हा त्रास कमी झाला. एकाच नमुन्याचे शेकडो बोर्ड करणाऱ्या कारखान्याला हा संच परवडेल. माझ्याकडे दर वेळी वेगळाच बोर्ड येत असल्याने निम्म्या टोप्या डब्यातच पडून आहेत.