शाळेची एक दिवसाची सहल: नरनाळा की गाविलगड?

दोन्ही किल्ले मेळघाटच्या जंगलात, आणि दोन्हींवर एकाच माणसाची छाप. फतहउल्ला इमाद-उल-मुल्कच्या काळात, १४८७ मध्ये नरनाळ्याचा महाकाली दरवाजा झाला. १४८८ मध्ये त्यानेच गाविलगडाची डागडुजी केली. पुढे तोच वऱ्हाडच्या इमादशाहीचा पहिला सुलतान. तेव्हा एवढ्या धड्यापुरतं कुठेही जा. ठरवायचं ते मुलांचं वय आणि चाल पाहून.

पाचवी ते सातवीची मुलं असतील तर नरनाळा. अकोटवरून शहानूरला यायचं, वन विभागाच्या नाक्यावर नोंद करायची; गडापर्यंत गाडीरस्ता आहे. रस्ता अरुंद आणि वळणांचा, त्यामुळे मोठी बस सोडतात का, आणि पायी कुठपर्यंत फिरता येतं, हे निघण्याआधीच विचारून घ्या. नाक्यावर पोचून मग छोट्या गाड्या शोधत बसलं की सकाळ तिथेच संपते. वर महाकाली दरवाजाचं कोरीव काम, शक्कर तलाव आणि नऊगजी तोफ हे तीन थांबे पुरेत. प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटांच्या वर बोलू नका. उन्हात उभी मुलं ऐकत नाहीत. झाडांसाठी मात्र वेळ राखा. पडलेली पानं हातात द्या: सागाचं खरखरीत, तेंदूचं चिवट. विडीला तेंदूच का, हे मग सांगावं लागत नाही. पानं तोडायची नाहीत, हा नियम गाडीतच सांगा. खडकाळ उतारावरचं पांढऱ्या सालीचं कढईचं झाड लहान पोरंसुद्धा लांबूनच ओळखतात.

आठवी-नववीला गाविलगड, यात आम्हाला शंका नाही. चिखलदऱ्याहून किल्ला सुमारे दोन किलोमीटर, पण आतला पसारा मोठा. नीट पाहायला चार तास धरा. इथे लढाई जमिनीवरच वाचता येते. दक्षिणेकडे सरळ कडे, उत्तरेला मात्र गड पठाराला जोडलेला. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी डोंगरातून तोफा ओढत याच उत्तर बाजूला आणल्या, तटाला खिंडार पाडलं आणि १५ तारखेला किल्ला घेतला. आधी मुलांनाच विचारा, 'तुम्ही कुठून चढला असता?' उत्तर देताना ती आपोआप तटाची दिशा बघतात. शार्दूल दरवाजावरची शिल्पं हत्ती मोजायला लावून दाखवा, नुसती 'बघा' म्हटलं तर फोटो काढून पुढे जातात.

गाविलगडाची अडचण गवत आणि घाणेरीची. पावसाळ्यानंतर पायवाटा बुजतात, मागचा गट भलत्याच तळ्याकडे वळतो. दर दहा मुलांमागे एक मोठा माणूस आणि सर्वांत शेवटी एक शिक्षक ठेवाच. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं इतकं दाटतं की कड्याची धार दिसत नाही. तेव्हा दोन्ही ठिकाणी नको. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी चांगलं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पाहण्याचा मोह होतो, पण पहाटे त्याच झाडाखाली अस्वलही येतं.

माणशी दोन लिटर पाणी खालूनच न्या. दरवाजांच्या कमानीत आग्या मोहोळ असू शकतं: आत शिरण्याआधी वर बघा, अत्तर लावू नका, धूर करू नका. आणि जमेल तिथे स्थानिक कोरकू वाटाड्या घ्या. झाडाचं नाव त्याच्याकडून त्याच्याच भाषेत लिहून घ्यायला मुलांना सांगा, छापील माहितीपत्रकात ते सहसा मिळत नाही.