स्वस्त ब्रेक पॅड, लोअर आर्म आणि वायपर: एका पावसाळ्यानंतर

गाडी केए-२२ (बेळगाव) पासिंगची जुनी पेट्रोल वॅगनआर. तिच्या वयाकडे बघून गेल्या दिवाळीत पुढचे ब्रेक पॅड, दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे दांडे), एअर फिल्टर आणि वायपर असा सगळा बिनाब्रँडचा माल घातला. पॅड तर कंपनीच्या निम्म्याहून कमी पैशांत आले. पहिल्या महिन्यात लिहायला बसलो असतो तर पाच स्टार दिले असते.

शहरात काही कळतच नाही. टिळकवाडी, कॉलेज रोड, फार तर उद्यमबाग. वेग चाळीसच्या वर जात नाही आणि ब्रेक नीट लागतात. खरी परीक्षा गोव्याकडे उतरणाऱ्या चोर्ला घाटात झाली. जांबोटी, कणकुंबीपर्यंत ठीक होतं. पुढे केरीकडे उतरताना गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली. चार-दोन वळणं गेली आणि जळका वास यायला लागला. पेडल कडकच होतं, पण गाडी आवरेना. पेडल मऊ पडून खाली गेलं असतं तर ब्रेक ऑइल उकळलं म्हणता आलं असतं. डॉट ३ या प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना साधारण २०५ अंशांना उकळतं, ओलावा धरला की १४० च्या आसपासच. पण ऑइल पॅडसोबतच बदललेलं होतं. पेडल कडक आणि गाडी पळतेय म्हणजे पॅडच पकडत नाहीत. मग दुसऱ्या गिअरवर, थांबत थांबत उतरवली.

परत आल्यावर मिस्त्रींनी चाक काढलं आणि म्हणाले, "हे काच झालंय की ओ!" पॅडमधलं मिश्रण राळेनं बांधलेलं असतं. हलक्या मालात ती राळ तापून जळते, वायू सुटतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. शिवाय पॅड झिजला की किंचाळून सांगणारी छोटी पट्टी या पॅडना नव्हतीच. एकाचा थर लोखंडी प्लेटपासून कडेला सुटायला लागला होता, ते बघून मात्र पोटात गोळा आला. पॅड जिला धरतात त्या डिस्कवरही चरे पडलेले. ती बदलावी लागली, वाचलेले पैसे तिथंच गेले.

लोअर आर्मनी पावसाळा काढला नाही. खानापूर रस्त्याच्या खड्ड्यांत डाव्या बाजूनं टक-टक सुरू झाली. आर्मच्या टोकाला चाकाकडे असतो त्या बॉल जॉइंटचं रबर फाटून ग्रीस बाहेर, तांबडा चिखल आत. टायर आतल्या कडेनं खाल्ला गेला. टायरचं सोडा, हा जॉइंट निसटला तर चाकच आडवं होतं.

एअर फिल्टरची रबरी कड नीट बसत नव्हती, स्वच्छ बाजूला धूळ दिसली. काढून टाकला.

'लोकल' म्हणजे वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्या उद्यमबागेतून मोठ्या कंपन्यांना सुटे भाग जातात. अडचण आहे ती कुणी बनवलं हेच खोक्यावर नसलेल्या मालाची. उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी यातलं काही नसेल तर दुकानातच परत द्या. हुबेहूब कंपनीचं खोकं आणि आत नकली माल हा तर सरळ गुन्हा आहे. ट्रेडमार्क कायदा, १९९९ प्रमाणे किमान सहा महिन्यांची कैद सांगितली आहे. बिल मागितलं की "जीएसटी वेगळा पडेल" असं ऐकवतात. पडू दे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या सुट्या भागांवर १८ टक्केच आहे, पूर्वी बऱ्याच भागांवर २८ होता. बिल नसेल तर भांडायचं कशाच्या जोरावर?

आता पुढच्या चाकांना नावाजलेल्या भारतीय कंपनीचे पॅड आहेत, शोरूमचे नव्हेत, बाजारातलेच. नवीन डिस्कवर आधी हलके ब्रेक मारत सावकाश बसवून घेतले आणि चोर्ला पुन्हा उतरलो. वास नाही, पेडलला पकड आहे. लोअर आर्म दोन्ही बदलले, अलाइनमेंट करून घेतली.

वायपर मात्र झकास निघाले. कणकुंबीच्या पावसातही काच साफ. पुढच्या मे महिन्यात तेच घेणार.