मैफलीआधी काय घ्यावं: आल्याचा चहा, आल्याचं पाणी की ज्येष्ठमध?

गिळलेला घोट स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही. गिळताना श्वासनलिका झाकली जाते आणि पेय अन्ननलिकेत उतरतं. चुकून तिकडे गेलंच तर ठसका लागतो. आल्याने जी ऊब मिळते, लाळ सुटते, खवखव कमी वाटते, ती सगळी घशात. तेवढी अपेक्षा ठेवली तर निवड सोपी होते.

दुधाचा चहा मैफल संपल्यावर, नाहीतर गाण्याच्या दोन-तीन तास आधी. दुधाने कफ वाढतो असं म्हणतात ते फारसं खरं नाही, पण दूध-साखरेचा दाट थर घशात जाणवतो. मग खाकरावंसं वाटतं, आणि दर खाकरण्यात स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटतात. चहा करायचाच तर ठेचलेलं आलं आधी पाण्यात चार-पाच मिनिटं खळखळून उकळा, दूध मागाहून घाला. कच्च्या आल्यातलं पाचक द्रव्य दूध फाडतं. उकळल्यावर त्याचा जोर जातो.

मंचाजवळ ठेवायला आमची पसंती आल्याच्या पाण्याला. अंगठ्याच्या पेराएवढं ताजं आलं, म्हणजे साधारण दहा ग्रॅम, साल खरवडून ठेचा. किसू नका, किसलेलं फार झणझणीत उतरतं आणि चोथा गाळणीतून निसटून घशाला टोचतो. तीनशे मिली पाण्यात झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं उकळा, गाळा. कोमट झाल्यावर चमचाभर मध. थर्मासमध्ये गाळूनच भरा. आल्याचे तुकडे आत राहिले तर मध्यंतरापर्यंत पाणी जहाल होतं. सुंठ वापरायची तर पाव चमचाच, कारण वाळताना आल्यातल्या जिंजेरॉलचं शोगॉल होतं आणि ते जास्त तिखट असतं. लिंबू टाळलेलं बरं. ज्यांना आंबट ढेकरा, जळजळ यांचा त्रास आहे त्यांनी आलंही निम्मं करावं: वर येणारं आम्ल स्वरयंत्राला लागतं, आणि सकाळी खर्ज, म्हणजे अगदी खालचे स्वर, लावायला बसावं तर आवाज जड. (याचा खरा दोषी बहुतेकदा मैफलीनंतरचं रात्री बाराचं जेवण असतं.) रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर रोज आलं घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

ज्येष्ठमधाची काडी सोयीची. हार्मोनियमच्या पेटीतही मावते, चघळली की लाळ सुटते. पण रोज, महिनोन्‌महिने नको: त्यातल्या ग्लिसरायझिनने रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊच नये.

स्वरतंतूंपर्यंत थेट पोचते ती वाफच. साधं पाणी, पाच ते दहा मिनिटं, गाण्याच्या अर्धा तास आधी. त्यात बाम किंवा निलगिरी नको, त्याने घसा चुरचुरतो. डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या दिवसांत, उघड्या मांडवात गार हवेचा मारा असताना, यातलं एकच जमणार असेल तर वाफ निवडा. मिठाच्या गुळण्या, कपभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, फक्त वरच्या घशापुरत्या.

नुसतं पाणीही आदल्या दिवसापासून प्यायला हवं. मंचावर चढताना ढोसलेला तांब्या अंगात मुरेपर्यंत सुरुवातीचा, संथ लयीतला विलंबित ख्याल संपलेला असतो. आवाज बसला असताना ॲस्पिरिन घेऊन गायला बसू नका: रक्त लवकर गोठत नाही, आणि जोराच्या तानेत स्वरतंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटण्याचा धोका वाढतो.