फुटाळ्यावर घेतलेली ८५ची लेन्स

मामेबहिणीचा साखरपुडा पंधरा दिवसांवर आलेला आणि फोटो मीच काढणार, हे घरात परस्पर ठरलेलं. माझ्याकडे कॅननची क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) अन् त्याच्यासोबत आलेली किट लेन्स. पोर्ट्रेटला ८५ एमएमच हवी, हे डोक्यात पक्कं. खरं तर क्रॉप बॉडीवर १.६ नं गुणलं की ८५ची १३६ होते, म्हणजे समोरचं जास्तच जवळ दिसतं अन् मागे सरकावं लागतं; आमच्या हॉलमध्ये मागे सरकलं की पाठीला भिंत लागते. ५० एमएम तिथे ८०सारखी वागते आणि बरीच स्वस्तही पडते. पण तेव्हा कोण ऐकतं!

एका जाहिरातीत सेकंडहँड ८५ एफ १.८ दिसली, १४,००० रुपयांना. विकणाऱ्यानं अंधार पडल्यावर नागपूरच्या फुटाळा तलावावर बोलावलं. लेन्स त्यानंच माझ्या कॅमेऱ्याला लावली, अपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, १.८वर पूर्ण उघडं ठेवलं आणि समोरच्या फुगेवाल्याचा फोटो काढायला लावला. मागचे दिवे विरघळून गोल गोल झाले. मी तिथेच खपलो. तरी भोक लहान करून एफ ५.६वर बघू म्हणालो, तर म्हणे, "अजी भाऊ, पोर्ट्रेटची लेन्स हाय, १.८लेच वापरा लागते ना! अंधारात ५.६ले काय दिसन?" पटलं. पैसे यूपीआयनं पाठवले. बिल नाही, डबा नाही.

साखरपुड्यात नवरानवरी दोघंही शार्प हवीत म्हणून एफ ४ केलं, शटर दाबलं, अन् स्क्रीनवर एरर ०१, म्हणजे लेन्स अन् कॅमेऱ्याचं बोलणं तुटलं. आत्या पेढ्याचं ताट धरून तशीच उभी. उरलेला कार्यक्रम किट लेन्सवर काढला.

त्याला फोन केला तर "लेन्समागचे काँटॅक्ट पुसून घ्या, खोडरबरानं," एवढं बोलला. मग नंबर बंद.

सीताबर्डीतल्या एका कारागिरानं पाच मिनिटांत सांगितलं: भोक लहान-मोठं करणारी अपर्चरची पाती अडकलीत. व्ह्यूफाइंडरमधून बघताना लेन्स पूर्ण उघडीच असते, पाती मिटतात ती शटर दाबल्यावर. १.८वर त्यांना हलावंच लागत नाही, म्हणून फुटाळ्यावर सगळं झकास. मग त्यानं मागून टॉर्च मारून दाखवला: काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. पावसाळाभर बॅगेत कोंडून ठेवलेली असावी, म्हणाला.

जुनी लेन्स बघायला गेलात तर एफ ८ आणि एफ १६वर चार-चार फोटो काढाच. विकणाऱ्यानं "कशाला?" विचारलं तर आणखी चार काढा. टॉर्च मोबाइलमध्ये असतोच.

दुरुस्तीचा खर्च ऐकून मी लेन्स तशीच परत आणली. १.८वर ती अजून चालते.