‘तिनूय कॉइल गेल्यात’ असं सांगणाऱ्या गॅरेजवाल्यापासून सांभाळा

फोंड्याहून पणजीला रोज जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्यांना गाडीचं दुखणं वेगळं सांगायला नको. माझी वॅगन आर २०१४ ची, तीन सिलिंडरचं के-सिरीज इंजिन, पेट्रोल. अकरा वर्षं विनातक्रार चालली. यंदा चवथीच्या आठ-दहा दिवस आधी ऑफिसातून परतताना फर्मागुढीच्या चढावर तिने एकदम अंग झाडलं. तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबलेला, गाडी मात्र बैलगाडीच्या चालीने. सिग्नलला उभी केली की स्टिअरिंग हातात थरथरायचं आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायचा.

मेकॅनिकांच्या भाषेत हे ‘मिसिंग’. एक सिलिंडर काम करत नाही. चार सिलिंडरच्या गाडीत एक मेला तर कुरकुर होते, तीनमध्ये एक मेला तर इंजिनाची एक तृतीयांश ताकदच जाते, त्यामुळे अगदी अनाडी माणसालाही ते कळतं. दिवा नुसता लागून राहिला तर दोन दिवस चालढकल करता येईल. लुकलुकायला लागला की नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन तिथे जळतं, तो तापून निकामी होतो, आणि त्याची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. एवढं मला माहीत होतं, म्हणून तर घाई केली. ती घाईच नडली.

माझा नेहमीचा मेस्त, म्हणजे मेकॅनिक, पाय मोडून घरी बसला होता. चवथ तोंडावर, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या मांडवीचं) सामान आणायचं, सासुरवाडीला जायचं. हायवेला लागून एक चकाचक गॅरेज आहे, तिथे गाडी लावली. नाव लिहीत नाही, कारण हातात धड बिल नाही. ते का नाही, तेही पुढे सांगतो.

तिथल्या पोराने स्कॅनर जोडला. स्क्रीनवर पी ०३०३ असा कोड आलेला मी स्वतः पाहिला. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग. पोराने तो बाजूच्या पुठ्ठ्यावर लिहूनही ठेवला. मग मालक आला, त्याने कॉइल (प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा पार्ट) काढून त्यांच्या पिनांना मल्टिमीटर लावला, डिस्प्लेवरचा नुसता ‘१’ (म्हणजे आत सर्किट तुटलंय असं) मला दाखवला आणि म्हणाला, “पात्रांव, तिनूय कॉइल गेल्यात. पावसाचं असंच होतं.”

इथेच मी थांबायला हवं होतं. कोड एका सिलिंडरचा आणि कॉइल तिन्ही मेलेल्या? तिन्ही एकदम मेल्या असत्या तर गाडी त्याच्या दारापर्यंत पोचलीच नसती. आणि सगळ्यांचा करंट एकदम गेला तर आधी फ्यूज, रिले, सेन्सर, वायरिंग बघतात, कॉइल नव्हे. हे शहाणपण नंतरचं. त्या क्षणी डोक्यात माटोळी होती.

हिशेब असा झाला: तीन कॉइल ६,९००, तीन प्लग ५४०, इंजेक्टर क्लीनिंग १,२००, ‘ईसीएम रिसेट’ (ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर) १,५००, मजुरी १,४००. एकूण ११,५४० रुपये. बिल म्हणजे वहीतला कागद. ना जीएसटी नंबर, ना पार्ट नंबर. पक्कं पाहिजे तर १८ टक्के वेगळे लागतील म्हणाला. मी म्हटलं, राहू दे. (या ‘राहू दे’ची किंमत पुढे मोजली.) जुने पार्ट मात्र मी आठवणीने मागून घेतले. काळी प्लॅस्टिकची पिशवी, आत तीन जुन्या कॉइल. ती डिकीत टाकली आणि मनात म्हटलं, आपल्याला कोण फसवणार!

गाडी छान चालली. दसऱ्याच्या तोंडावर बाणस्तारीच्या पुलावर पुन्हा तीच थरथर.

परत त्याच गॅरेजात गेलो. आता सूर वेगळा. इलेक्ट्रिकल पार्टला गॅरंटी नसते, तुम्ही पेट्रोल कुठे भरता, आणि शेवटी, “ईसीएमच गेलाय, १८ हजार लागतील, तुमचं काम म्हणून जुना बसवून देतो.” मी गाडी तशीच हळूहळू घरी आणली.

भाचा फर्मागुढीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. त्याच्याकडे गाडीला लावायचं काडेपेटीएवढं ब्लूटूथ यंत्र आहे, मोबाइलवर कोड दाखवतं. लावलं. पुन्हा पी ०३०३. भाचा म्हणाला, मामा, कॉइलची जागा बदलून बघूया. एवढं सोपं असतं हे मला पन्नाशीत कळलं. इंजिन बंद करून थंड होऊ द्यायचं, कॉइलचं कनेक्टर चिमटा दाबून काढायचं, १० च्या पान्याने बोल्ट सोडवून कॉइल सरळ वर ओढायची. तीन नंबरची एकवर, एकची तीनवर. कोड पुसून गाडी चालू केली, गल्लीत एक फेरी मारली. कोड आला पी ०३०१. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. तो तीनवरच राहिला असता तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन हे बघायचं. बिचाऱ्या ईसीएमचा काही संबंध नव्हता. सगळं मिळून वीस मिनिटं, खर्च शून्य.

मल्टिमीटरचं विचारलं तर भाचा हसला. मारुती ८०० सारख्या जुन्या गाडीत सगळ्या सिलिंडरना मिळून एकच कॉइल, तिचे ओहम मोजून काही कळतं. ज्या कॉइलच्या पोटातच इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं तिच्या पिनांना मीटर लावून आलेला आकडा म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायचा खेळ.

पण खरी गोष्ट वेगळीच. कॉइल हातात घेतल्यावर त्यांना डॅशबोर्ड पॉलिशचा वास आला. अंगाने काळ्याभोर, चकचकीत. त्यातली एक उन्हात तिरकी धरली तर डोक्यावरच्या प्लॅस्टिकच्या खरखरीत पृष्ठभागात अंधूक पांढरट काहीतरी. बोटाने पुसलं, जाईना. नीट पाहिलं तर तो ‘२’ होता, मराठी दोन, शेपटी खाली ओढलेला. माझं अक्षर.

झालं होतं असं. गेल्या वर्षी प्लग बदलताना आमच्या मेस्ताने सांगितलं होतं, कॉइल जिथल्या तिथे जायला हव्यात, नंबर घाला. माझ्या खिशात ऑफिसचा व्हाइटनर पेन होता, मी १, २, ३ लिहिले. गॅरेजवाल्याने पेट्रोल की थिनर मारून ते पुसले, वर पॉलिश मारलं, पण खाचांतला पांढरा राहिला. दुसऱ्या कॉइलवर ‘१’ ची वरची गाठ तेवढी शिल्लक होती. म्हणजे तीनपैकी दोन ‘नव्या’ कॉइल माझ्याच. तिसरी कुठल्यातरी गाडीची जुनी, तिच्या रबरी बुटावर, म्हणजे प्लगवर बसणाऱ्या नळीवर, केसासारखी बारीक काळी रेघ. बुटाला चीर गेली की ओल शिरते, वीस-तीस हजार व्होल्टची ठिणगी प्लगच्या टोकाला न जाता त्या रेघेवरून बाजूच्या लोखंडात उतरते. गोव्याच्या पावसाळ्यात याला फार वेळ लागत नाही, आणि इंजिन प्रेशरच्या पाण्याने धुऊन घेतलं तर आणखी लवकर. प्लगही तेच जुने होते, ब्रशने घासलेले. टोकाची फट (गॅप) वाढलेला प्लग कॉइलला जास्त व्होल्टेज काढायला लावतो आणि हळूहळू तिला मारतो.

माझी मूळ तीन नंबरची कॉइल मेली होती की नुसता तिचा बूट फाटला होता, हे आता कधीच कळणार नाही. कारण डिकीतली पिशवी उघडली तर त्या तीन कॉइल माझ्या गाडीच्या नव्हत्याच. लांबीला बोटभर जास्त, कनेक्टर वेगळा. माझ्या गाडीत त्या बसल्याच नसत्या. जुने पार्ट मागा असं सगळे सांगतात. मीही मागितले होते. खूण न केलेला पार्ट परत घेऊन काय उपयोग?

फोटो घेऊन गॅरेजात गेलो. मालकाने पोराकडे बोट दाखवलं, पोराने जमिनीकडे पाहिलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करतो म्हटल्यावर त्याने शांतपणे विचारलं, “बिल दाखवा आमचं.” वहीतल्या त्या कागदावर गॅरेजचं नावसुद्धा नव्हतं. तक्रार मी तरीही केली, जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. पण पुरावा म्हणून माझ्याकडे आहे काय, तर व्हाइटनरचा अर्धा पुसलेला दोन. शेवटी त्याने तीन हजार काढून काउंटरवर ठेवले. मी ते घेतले. घ्यायला नको होते असं बायकोचं मत आहे.

नवी एकच कॉइल कंपनीच्या पार्टच्या दुकानातून पक्क्या बिलावर आणली, तीन नवे प्लग आणले, भाच्याने बसवले. महिना झाला, दिवा लागलेला नाही. नंबर आता सुईने कोरलेत, बुटाच्या आतल्या बाजूला एक खूण आहे ती इथे सांगत नाही.

ती काळी पिशवी अजून आमच्या पडवीत आहे. कुणाच्या गाडीच्या असतील त्या कॉइल? त्यालाही मालकाने मीटर दाखवला असेल, आणि त्याच्या डिकीत कदाचित माझी तीन नंबरची पडली असेल, व्हाइटनर पुसलेली.